राजदूत हर्डीकर आणि राखीव खुर्च्या

हर्डीकरसाहेबांनी कोणाला 'नाही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांची गाडी गेटात आडवी उभी असते. वॉचमन म्हणतो, "साहेब, जरा हलवा ना, टँकर यायचाय." साहेब मान तुकवून म्हणतात, "आपल्या भावनेची मी नोंद घेतली आहे," आणि लिफ्टने वर जातात. भाजीवाल्याने शिळी कोथिंबीर पुढे केली, तर "या जुडीला माझा तत्त्वतः विरोध नाही, काही चिंता मात्र आहेत." भाजीवाला घाबरून ताजी जुडी काढतो.

साहेब निवृत्त राजदूत. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी जागतिक परिषदांमध्ये स्त्रियांच्या हक्कांचे मसुदे घासूनपुसून पक्के करण्यात घालवली. निवृत्तीनंतर ते सीवूड्सला आमच्या सोसायटीत राहायला आले, आणि आधीचे चेअरमन मुलाकडे पुण्याला गेल्यावर आम्ही ती माळ यांच्या गळ्यात घातली. परराष्ट्रं सांभाळलेला माणूस, बी विंग सहज सांभाळेल, असा आमचा हिशोब.

पहिल्याच मीटिंगला साहेबांनी टेबलावर प्रत्येकासाठी नावाची पाटी मांडली. माझ्यापुढच्या पाटीवर होतं, 'नीलिमा कानडे'.

"साहेब, मी नीलिमा नाही," मी म्हणालो.

"ते दिसतंय," साहेब म्हणाले. "आपण कोणाचे प्रतिनिधी?"

"बायकोचा."

"अधिकारपत्र?"

आता खुलासा करायलाच हवा. कमिटीत बायकांसाठी जागा राखीव असतात. एका जागेवर माझी बायको नीलिमा बिनविरोध निवडून आली होती, दुसऱ्या जागेवर मंदाताई पाटील. आणि मीटिंगला यायचो मी आणि मंदाताईंचे यजमान दत्ताशेठ. दत्ताशेठ शेजारच्याच गावचे. आमची इमारत त्यांच्या आजोबांच्या शेतावर उभी आहे, त्यामुळे आम्ही सगळे आपल्या बांधावर बसलोय असंच त्यांना वाटतं. माझी तऱ्हा आणखी वाईट. मी व्हॉट्सॲपवर नावाखाली 'कमिटी मेंबर' लिहून ठेवलं होतं, आणि सासुरवाडीत 'आमच्या निवडणुकीच्या' गोष्टी सांगत असे.

दत्ताशेठ उसळले. "मंदा काय बोलनार हितं? मी हाय ना! आमच्यात बाईला देवी मानतात, साहेब!"

साहेबांचा चेहरा जुना मित्र भेटावा तसा उजळला. "वा! हे वाक्य मी प्रत्येक खंडात ऐकलंय. कोणी देवीचं नाव काढलं, की आम्ही समजायचो, आता बाईच्या हातचं काहीतरी जाणार."

मग त्यांनी एका परिषदेची हकीकत सांगितली. दोन देश सीमेवर एकमेकांवर तोफा डागत होते. त्यांचे प्रतिनिधी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नसत. पण मुलींच्या वारसाहक्काचं कलम आलं, आणि दोघं खुर्च्या जवळ ओढून, एकाच पेनाने, एकच दुरुस्ती लिहायला बसले. "जगात शांतता नांदू शकते, कानडे. फक्त बायकांविरुद्ध हवी."

"त्या कलमाचं काय झालं?" मी विचारलं.

"पुढच्या फेरीत ढकललं. प्रत्येक फेरीत एक शब्द हलायचा. आम्ही त्या शब्दाला हार घालून घरी यायचो."

शेवटी साहेबांनी निवाडा दिला. नवऱ्यांनी यावं, पण सल्लागार म्हणून मागच्या रांगेत बसावं. बोलायचं नाही. फार वाटलं तर चिठ्ठी द्यायची. मोठमोठ्या परिषदांत असंच असतं म्हणे. दत्ताशेठ आणि मी पुढच्या मीटिंगला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे बसलो.

मी लगेच चिठ्ठी पाठवली, 'पार्किंगच्या स्टिकरचं काढ.' नीलिमाने ती वाचली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

मग ती बोलली. सोसायटीचं पाणी सकाळी दहाला सुटतं. त्या वेळी नोकरीवाल्या बायका घरात नसतात. त्यांना आदल्या दिवशीच्या बादल्यांवर भागवावं लागतं. मंदाताई एरवी साहेबांसमोर पदर सावरून उभ्या राहतात. त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे, नवाच्या आत निघावं लागतं. त्या एकदम म्हणाल्या, "दहाला घरान कोन असतं? नुसती पुरुषमानसं पेपर वाचीत. त्यांना पानी कशाला?" मागच्या रांगेतून दत्ताशेठनी खाकरून पाहिलं. मंदाताईंनी मागे वळूनही बघितलं नाही. पाणी सहाला सोडायचं ठरलं.

"एवढा त्रास होता तर मला सांगायचं होतंस," मी जिन्यात नीलिमाला म्हणालो.

"सांगितलं होतं. तू 'बघतो' म्हणालास, आणि मीटिंगमध्ये स्टिकरचाच विषय काढून आलास."

संध्याकाळी आम्ही दोघं साहेबांकडे पेढे घेऊन गेलो. घरभर देशोदेशींचे मुखवटे, गालिचे, आणि सिंकमध्ये एकच कप. साहेबांच्या बायको, शालिनीताई, गेली दोन-अडीच वर्षं सानपाड्याला बहिणीकडे असतात. बहिणीची तब्येत बरी नसते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. निदान मी तरी. म्हणून मी सहज, म्हणजे नेहमीसारखा नको तिथे पाय टाकत, विचारलं, "काय म्हणते ताईंच्या बहिणीची तब्येत?"

"ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "शालिनीने तिच्या इमारतीत तळमजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक काढलंय."

"म्हणजे काकू डॉक्टर आहेत?" नीलिमा म्हणाली.

"लग्नाआधी रुग्णालयात काम करायची. मग माझ्या बदल्या. एकदा एका देशातल्या इस्पितळाने तिला बोलावलंही होतं. राजदूताच्या बायकोला नोकरीसाठी परवानगी लागते, ती माझ्या खात्याकडे मी मागायची होती. त्याच सुमारास माझं बायकांच्या रोजगारावर मोठं भाषण होतं. मी म्हटलं, आधी हे होऊ दे." साहेब पेढ्याचा कागद उलगडत राहिले. "भाषण फार गाजलं. पहिल्या रांगेत बसून टाळ्या तिनेच सुरू केल्या होत्या."

नीलिमाने हातातला पेढा परत ठेवला.

"घरचे सगळे ठराव एकमताने मंजूर व्हायचे हो आमचे," साहेब म्हणाले. "मतदानच नव्हतं ना. निवृत्त झालो, इथे सामान लागलं, आणि ती म्हणाली, आता मी जाते. भांडण नाही, काही नाही. मला अजून कळलेलं नाही, ती परत यावी म्हणून मी नक्की काय द्यायला हवं."

"द्यायचं काय त्यात?" नीलिमा म्हणाली. "जाऊन विचारा की."

रविवारी सकाळी मी साहेबांना स्कूटरवर मागे बसवून सानपाड्याला नेलं. वाटेत मी सल्लागाराचं काम चोख केलं. "साहेब, सरळ म्हणा, चल घरी. बायकांना थेट बोललेलं आवडतं." साहेबांनी माझ्या भावनेची नोंदसुद्धा घेतली नाही.

क्लिनिकबाहेर बाकावर दोन म्हातारे बायकांच्या पर्सा मांडीवर घेऊन बसले होते. साहेब त्यांच्या शेजारी टेकले. दार उघडलं. शालिनीताई एका आजींना धरून बाहेर आल्या आणि साहेबांना बघून थबकल्या.

"इकडे कसे?"

साहेब उठून उभे राहिले. "तुला काय हवं होतं, ते विचारायला आलोय. कधी विचारलंच नाही."

ताईंनी नॅपकिनला हात पुसले. हसल्या, पण टोचून नव्हे.

"कुठल्या देशात असताना?"

सगळ्या जगाच्या राजधान्या तोंडपाठ असलेल्या माणसाला एक नाव सुचेना.

"आठवून सांगते," ताई म्हणाल्या. "पण आत्ता पेशंट आहेत माझे. दुपार होईल."

"होऊ दे. मी बसतो."

ताई आत गेल्या. मी स्कूटरला किक मारणार, तेवढ्यात एका पर्सवाल्या आजोबांनी सरकून साहेबांना जागा करून दिली.

"पहिल्यांदाच आलात का इथे?"

"हो," साहेब म्हणाले. "पहिल्यांदाच."