तुळशीच्या लग्नातली मोटारसायकल

सारे अंगण सारवून झाले होते. राहिली होती ती फक्त मोटारसायकलीखालची जागा. ओल्या शेणाच्या त्या हिरव्या, निवांत समुद्रात गोकुळदासांची काळी मोटारसायकल एका कोरड्या बेटावर, साइड स्टँडवर भार टाकून, डावीकडे किंचित कलून उभी होती. दुपारी दोनच्या उन्हात तिची टाकी अशी चमकत होती, की तिच्याशी वाद घालण्याची कोणाची छाती झाली नसती.

प्रभावती हातात बादली घेऊन तिच्याकडे पाहत राहिली. संध्याकाळी तुळशीचे लग्न. वृंदावन रंगवून झाले होते, त्यात नवरदेव म्हणून दिंडा या रानझाडाची काठी रोवून झाली होती, तिच्या दोन्ही अंगांना आवळ्याची आणि चिंचेची डहाळी होती. ऊस तेवढे यायचे होते. ते आणायला गोकुळदास बसने पेडण्याच्या बाजारात गेले होते. दारात वाहन असताना बसने का, तर उसाच्या पात्यांनी टाकीचा रंग खरवडतो. निघताना त्यांनी धोतराचा सोगा सावरला होता आणि उंबऱ्यावरूनच आज्ञा केली होती, "गाडयेक हात लावू नको हां!"

एरवी प्रभावतीने हात लावलाही नसता. पण अंगणाच्या मधोमध तेलाने काळवंडलेला तो ठिपका, आणि त्याच अंगणात देवाचे लग्न! शिवाय आजचा दिवस तिला सर्वार्थाने निर्मळ हवा होता. चौदा वर्षे ती गावच्या बालवाडीत पोरांची नाके पुसत आली होती. गोवा राज्य झाले, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, आणि गेल्या महिन्यात तिच्याही नावापुढचा हुद्दा बदलण्याचे पत्र आले: पर्यवेक्षिका. तालुक्याच्या अकरा बालवाड्या तपासायच्या. त्यांतल्या सात गावांना बस दिवसातून एकदा जायची, ती परत कधी येते ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. आठ दिवस ती नवऱ्याला म्हणत होती, "माका मोटारसायकल शिकवा." आणि आठ दिवस गोकुळदास म्हणत होते, "बघूया." आज लग्न लागल्यावर, गोड पोह्यांनी त्यांचे तोंड भरलेले असताना, ती शेवटचे विचारणार होती.

म्हणून तिने बादली खाली ठेवली, पदर खोचला, आणि दोन्ही हातांनी हँडल धरून ते अवजड जनावर स्टँडवरून सरळ केले. ते सरळ झाले! पायाने स्टँड वर घेतला, तर तोही मुकाट्याने वर गेला. अंगणाच्या उतारावरून मोटारसायकल चार पावले अशी अलगद चालली, की प्रभावतीला मनातल्या मनात आपण पर्यवेक्षिका होऊन थेट हरमलच्या बालवाडीत पोचल्यासारखे वाटले. गाडी कडेला लावून तिने तेलकट माती कुदळीने खणून काढली, खळग्यात नवी तांबडी माती भरली, हाताने थोपटली आणि वर शेणाचा हात फिरवला. अंगण कसे एकसंध, नव्या वस्त्रासारखे दिसू लागले.

इथेच थांबली असती तर ही कथा घडली नसती. पण कडेला ऊन होते. टाकी तापली तर गोकुळदासांच्या ते नाकाने लक्षात येई. तेव्हा जिथली वस्तू तिथे, या बालवाडीतल्या शिस्तीने तिने मोटारसायकल मागे ढकलत आणली आणि नेमकी त्या नव्या, ओल्या, भुसभुशीत मातीवर साइड स्टँडवर टेकवली.

क्षणभर काही झाले नाही. मग मोटारसायकलीने एक दीर्घ विचार केला. स्टँडचे टोक लोण्यात सुरी शिरावी तसे शेणात शिरले, मातीत शिरले, आणि जेवण अंगावर आलेल्या पाहुण्याने लोडावर कलंडावे त्या सावकाश, समाधानी गतीने गाडी डाव्या कुशीवर झोपली. झोपताना तिच्या हँडलने वृंदावनातला नवरदेव कंबरेत मोडला.

प्रभावतीने हँडल धरून ओढले. हँडल तेवढे वळले. तिने मागचे चाक धरून ओढले. गाडी आहे त्या जागी गोल फिरली आणि सारवणावर सुरेख अर्धचंद्र उमटला. हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. त्या आवाजासरशी कुंपणावरून शेजारच्या जानकीकाकूंचे डोके वर आले.

"अगो बाये माझे! पडली?"

"नाय काकू. मीच निजवलंय." प्रभावतीला रडूही येत होते आणि हसूही. "येवा मगो! तेंची बस सहाक येता."

जानकीकाकू आल्या त्या नाक वर करून. "कसलो वास गो? पेट्रोल गळता!" आणि पेट्रोल फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी हाताला लागली ती पूजेची तांब्याची कळशी टाकीखाली लावली. दोघींनी 'एक, दोन, तीन' म्हटले. तिसऱ्याला जानकीकाकू शेणात बसल्या.

"काकू, लागला?"

"माका नाय. लुगड्याक लागला."

एवढ्यात फाटकाशी फटफट थांबली. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीवरून, म्हणजे भाड्याच्या 'पायलट'च्या मागच्या सीटवरून, बाबुरावभट उतरले. त्या दिवशी त्यांना नऊ तुळशींची लग्ने लावायची होती, आणि नऊ वाड्यांवर पायी हिंडण्याचे वय राहिले नसल्याने त्यांनी रघुनाथ पायलटाला दिवसभरासाठी बांधून घेतला होता.

"वाटेत होतंय, म्हटला तयारी बघूया," म्हणत ते आत आले आणि वृंदावनापाशी थबकले. "नवरो खंय?"

प्रभावतीने मोटारसायकलीखाली बोट दाखवले.

"शिव शिव! मुहूर्त सांजेक, आणि नवरो आत्ताच आडवो? रघुनाथ, धाव मरे! व्हाळाकडे दिंडो आसा, बरोसो सरळ बघून हाड!"

रघुनाथ ओढ्याकडे नव्या नवरदेवाच्या शोधात गेला, आणि बाबुरावभटांच्या अंगात वीरश्री आली. त्यांनी काचा मारला, जानवे कानावर चढवले. "जानकी, तू चाक धर. बाई, तुमी हँडल. मी मधी. गणपतीचा नाव घेवा... मोरया!"

गणपती पावला. नको तितका पावला. तिघांच्या एकवटलेल्या बळाने मोटारसायकल उठली, उभी राहिली, एक अत्यंत आशादायक क्षण सरळ राहिली, आणि कोणी थांब म्हणण्याआधी पलीकडे, उजव्या कुशीवर जाऊन पडली.

आता मोटारसायकल दोन्ही बाजूंनी सारखी सारवलेली होती. आधी जानकीकाकूंना हसू फुटले, मग प्रभावतीला, आणि शेवटी भटजींना असे, की त्यांना वृंदावनाच्या कठड्यावर बसावे लागले. नवा दिंडा खांद्यावर घेऊन परतलेल्या रघुनाथाने पाहिले ते असे: एक गाडी आडवी, तीन माणसे वेडी.

"भटजीनु, लगीन गाडयेचा आसा काय?"

"हसतंस काय मेल्या, उचल!"

"मी उचललंय तर बाईंक काय येतला?" रघुनाथने दिंडा भटजींच्या हातात दिला. त्याची धाकटी प्रभावतीच्या बालवाडीत होती, त्यामुळे बाईंना शिकवण्याची ही संधी त्याला सोडवेना. "बाईनु, हयसर येवा. पयली चावी बंद. पेट्रोलाचो कॉक बंद. आता गाडी उजवेक पडली म्हणजे साइड स्टँड वर इलो. तो आत्ताच उघडा, म्हणजे उठल्यार पलीकडे जावची नाय."

प्रभावतीने ते सारे केले.

"आता तिका पाठ करा. सीटीक पाठ लावून बसा. एक हात हँडलाक, दुसरो कॅरियराक. हातान उचलू नकात, पायान फाटी चला. उखळ सरकयतात तशी."

प्रभावतीने डोळे मिटले आणि ती मागे चालू लागली. एक पाऊल, दुसरे, तिसरे. पाठीमागचे ओझे हलके हलके होत गेले आणि खट्ट करून स्टँडवर टेकले. या वेळी स्टँडखाली रघुनाथने आधीच एक चपटा दगड सरकवून ठेवला होता.

"ओल्या मातयेत साइड स्टँड लावूचो तर खाली दगड होयो. आणि खरी सांगू? अशा अंगणात डबल स्टँडच बरो. पायरेकडे जमीन घट आसा, थंय लावया."

गाडी पायरीपाशी नेल्यावर पहिल्या खेपेला तिने ती वर ओढली. गाडी हलली नाही. दुसऱ्या खेपेला आणखी जोराने ओढली.

"बाईनु, ओढतात कशाक? पोरांक ओढल्यार ती बाकार बसतत? गाडी सरळ धरा. पायान स्टँड दाबा, स्टँडाचे दोनय पाय जमनीक टेकले काय बघा. टेकले? आता तेच्यार उभी रवा. नुसती उभी. ती आपणच फाटी येतली."

प्रभावती स्टँडवर उभी राहिली. आणि ते एवढे लोखंड, ज्याच्यापुढे तीन माणसे हरली होती, ते तिच्या एका पावलाच्या भाराने उचलले गेले, मागे सरले आणि दोन पायांवर ताठ उभे राहिले. मागचे चाक हवेत हळूच फिरत होते. तिने गाडी पुढे ढकलून खाली घेतली. पुन्हा चढवली. पुन्हा घेतली. सातव्यांदा चढवली तेव्हा बाबुरावभट हातात नवरदेव धरून टाळ्या कशा वाजवाव्यात या विवंचनेत होते, आणि जानकीकाकू म्हणत होत्या, "माका एकदा दी गो!"

मग विहिरीच्या बारा कळश्या गाडीवर रित्या झाल्या. अर्धचंद्र पुसला गेला. सहा वाजता खांद्यावर उसाची मोळी घेऊन गोकुळदास फाटकात उभे राहिले तेव्हा अंगण ओले, गाडी लखलखीत आणि सारेजण संशय यावा इतके गप्प होते.

"गाडी धुतलंस?" ते खूश होऊन म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. "डबल स्टँडार? कोणी लावली? रघुनाथान?"

प्रभावतीने त्यांच्या खांद्यावरची मोळी उतरवून घेतली, तोवर आठ लग्ने आटोपून, दिवेलागणीला परतलेल्या बाबुरावभटांनी घाई केली. "ती गाडी पायरेकडसून काडा, गोकुळदासानु. लोक उभे खंय रवतले?"

वाड्यावरची माणसे अक्षता घेऊन जमली होती. गोकुळदासांनी ऐटीत गाडी स्टँडवरून उतरवली, अंगणाच्या कडेला नेली आणि पायाने साइड स्टँड पाडला.

"हां हां! ओल्या मातयेत तो नको," जमलेल्यांतून रघुनाथ ओरडला. "डबल लावा!"

गोकुळदासांनी हँडल धरले आणि ओढले. पुन्हा ओढले. कपाळावरची शीर उसाच्या पेरासारखी फुगली. एक चप्पल निसटून रांगोळीत गेली.

"स्टँड जाम झालो," ते धापा टाकत म्हणाले. "तेल घालूक होया."

"जाम खंयचो?" जानकीकाकू म्हणाल्या, आणि प्रभावतीने डोळ्यांनी दटावताच त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

नवऱ्याचा फजितीने तांबडा झालेला चेहरा प्रभावतीला पाहवेना. गप्प राहावे तर सारा वाडा त्याला हसणार. पुढे व्हावे तर दुपारचे सारे बाहेर पडणार, आणि सोमवारचा होकार कायमचा बुडणार. ती पैठणीचा काठ उचलून पुढे गेली. "जरा सरा बघूया," ती हळूच म्हणाली. पाऊल टेकवले, उभी राहिली. खट्ट.

अंगणात एवढी शांतता पसरली, की भटजींना मंगलाष्टके सुरू करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

लग्न लागले. पोहे वाटले, माणसे पांगली. गोकुळदास पायरीवर उसाचे कांडे घेऊन बसले होते, पण सोलत नव्हते. प्रभावती शेजारी बसली.

"दुपारी ती पडली," ती म्हणाली. "दोनदा."

"दोनदाच?"

तिने वळून पाहिले.

"माझ्याकडसून पाचदा पडली," गोकुळदास उसाशी बोलल्यासारखे बोलले. "कचेरीच्या दारात. थंय खडी आसा, साइड स्टँड ऱ्हवना. मगे रोज शिपाई सगुण लावता डबल स्टँडार. मी लावूक जातंय आणि ती जाग्यार. तीन वर्सां झाली." त्यांनी एक उसासा सोडला. "सगुण ह्या म्हयन्यात रिटायर होता गो."

"मगे?"

"मगे काय? सोमवारपासून तू शीक. शिकल्यार सकाळी माका कचेरीच्या गेटीर सोड, आणि गाडी घेवन खंय ती अकरा गावां फिर. माका फकत उतरूचा पडतला." इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि हां. कोणी विचारला तर सांग, माझ्या घोवानच शिकवली."

प्रभावतीने त्यांच्या हातातले कांडे घेतले, दातांनी साल ओढून काढली आणि अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"सांगान," ती म्हणाली. "पण पयली सकाळी उठून तो डबल स्टँड तुमी शिका. बारा वेळ. मी मोजतलंय."

गोकुळदासांनी ऊस तोंडात धरला आणि गोड लागत असूनही तोंड वाकडे केले.

"बघूया," ते म्हणाले.