खाऱ्या वाऱ्याचे वैरी

म्हात्रेभाऊंशी माझी खरी ओळख झाली ती त्यांनी माझ्या फाटकाला लोहचुंबक लावला तेव्हा. मुरुडला आमचं चार खोल्यांचं लॉज आहे. त्याला मी नवंकोरं हिरवं फाटक बसवून घेतलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कौतुक वसूल करत उभी होते. शेजारचे म्हात्रेभाऊ आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, त्यांनी शर्टाच्या खिशातून लोहचुंबक काढला आणि फाटकावरून इस्त्रीसारखा फिरवायला सुरुवात केली. खालच्या कोपऱ्यात तो निसटून पडला.

"पुट्टी हाय," भाऊ म्हणाले. "जुना फाटक रंगवून दिलाय तुमाला. वरनं बरा दिसतंय वयनी, पन आतनं काय हाय?"

मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. पावसाळ्यात तो कोपरा गळून पडला आणि राग फाटकवाल्याकडे वळवावा लागला.

भाऊंनी सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढली. समोरचा माणूस बिनतिकीटच असणार, हे धरून चालायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. भाजीवालीचं वांगं असो, निवडणुकीतला उमेदवार असो किंवा लग्नाच्या मांडवातला नवरा मुलगा, भाऊंचा प्रश्न एकच, "आतनं काय हाय?" नवऱ्या मुलाच्या बापासमोर विचारला होता. आम्ही जेवायच्या आधीच निघालो.

पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय होता खाऱ्या वाऱ्यावर. कारण त्यांच्या अंगणात, नारळाच्या विणलेल्या झापांच्या छपराखाली, एक गाडी उभी होती. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी, जुन्या काळची स्पोर्ट्स कार. तपासनिसाच्या पगारात अशी गाडी कुठून आली, यावर आळीत बरीच चर्चा झाली होती. कुणी म्हणे लिलावातली, कुणी म्हणे चोरीच्या मालातली. मीही त्या चर्चेत मागे नव्हते.

खरं फार साधं होतं. भाऊंची एकुलती एक मुलगी वैशाली इंजिनिअरिंगला होती, तेव्हा काशीदच्या एका बंगलेवाल्याची ही गाडी भंगारात निघाली होती. पोरीने हट्ट धरला. बापलेकीने टेम्पोत घालून गाडी घरी आणली आणि सुट्ट्यांमागून सुट्ट्या तिचा सडका पत्रा कापून नवा जोडत बसली. पुढे वैशाली नोकरीला ऑस्ट्रेलियाला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत हिला गंजू देऊ नका."

झालं. तेव्हापासून भाऊंनी अरबी समुद्राशी उभं वैर धरलं.

गाडी रोज गोड्या पाण्याने पुसायची. पण पाणी गोडं आहे यावर विश्वास कसा ठेवणार? म्हणून प्रत्येक बादलीत बोट बुडवून आधी ते जिभेला लावायचे आणि मगच फडकं भिजवायचे. दारांच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती नारळाच्या हिराने कोरून मोकळी ठेवायची. ताडपत्री घालायची नाही, कारण "ताडपत्रीखाली गाडीला घाम येतो." माझे पर्यटक किनाऱ्यावरून ओल्या पायांनी परतले की भाऊ वाटेत आडवा हात घालून उभे राहत. "पाय धुवा. मीठ घेऊन चाललाय तुमी." एका बाईंनी मला हळूच विचारलं, हे इथलं देवस्थान आहे का? मी गच्चीत पापड वाळत घातले, तर हे खालून ओरडले, "वयनी, वारा हिकडं हाय! मीठ किती घातलाय पापडात?"

कहर झाला तो तेलाने. कोळी पूर्वी होड्यांना मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडायचे, हे भाऊंना आठवलं. त्यांनी ते कुठूनसं मिळवलं आणि गाडीच्या दारांत, खालच्या पत्र्याच्या पोकळीत भरलं. गंज राहिला बाजूला, आळीतली समस्त मांजरं गाडीभोवती येऊन बसली. टपावर दोन, बॉनेटवर तीन. माझ्या दोन खोल्या वासाने रिकाम्या झाल्या. मी भांडायला गेले, तर भाऊ माझ्याकडेच रोखून बघत म्हणाले, "मांजरा तुमच्याकडची हायती. नखं काढून पाठवा."

एवढं असूनही माझ्या मनात एक किडा वळवळत होताच. दर रविवारी सकाळी भाऊ त्या गाडीत जाऊन बसायचे, काचा वर करायचे आणि तासभर बडबडायचे. माणूस गाडीशी बोलतो की काय? एका रविवारी मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने कुंपणाला कान लावला.

एक काच खाली राहिली होती आणि फोनच्या स्पीकरवर वैशाली होती. "डावा दार बरा हाय," भाऊ सांगत होते. "उजव्या चाकाच्या वर फोड आलीय, चन्याएवढी." पलीकडून ती सांगत होती, घासून काढा, कोरा पत्रा दिसेपर्यंत घासा, मग प्रायमर लावा. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. वैशालीची आई, आमच्या म्हात्रेवहिनी, होत्या तेव्हा हे सगळं त्याच विचारायच्या. भाऊ शेवटी फोन हातात घेऊन फक्त "ठेवतो" म्हणायचे. वहिनी गेल्या, आणि बापलेकीला बोलायला तो गंज तेवढा उरला. मी कपडे घेऊन गुपचूप आत आले. त्या दिवसापासून तेलाच्या वासाबद्दल मी एक अक्षर काढलं नाही.

गेल्या महिन्यात भाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "वैशू म्हनते, गाडी विकून टाका. माझी पाठ दुखते म्हनून सांगितला मी तिला, तर तिनं गिऱ्हाईकच शोधला. बुधवारी येतोय पुन्यावरनं."

"मग बरंच झालं की, सुटलात," मी म्हटलं.

"व्हय, सुटलो," भाऊ म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

बुधवारी गिऱ्हाईक आलं. पांढरे बूट घातलेला हसरा तरुण. भाऊंच्या दुर्दैवाने तो कशावरही संशय न घेणारा निघाला. "वा काका, काय ठेवलीय गाडी! मला पसंत आहे!"

"वाकून बघा," भाऊ म्हणाले.

"काय गरज आहे काका? तुमच्याकडे बघूनच कळतं."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी भाऊंना तिकीट न बघता पुढे सोडत होतं. ते कावरेबावरे झाले. लोहचुंबक त्याच्या हातात कोंबला, तरी तो हसतच राहिला. शेवटी भाऊंनी त्याला दंडाला धरून खाली वाकवलं आणि दाराखालच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. तिथे अंगठा जाईल एवढं भोक होतं.

"आतनं सगली सडलीय," भाऊ म्हणाले. पांढऱ्या बुटांचं हसू मावळलं. चहा न घेताच तो गेला.

मला वाईट वाटलं. एवढी राखण करून शेवटी गंजानेच डाव साधला! समजूत घालायला मी गेले, सहज खाली वाकले आणि वाकलेलीच राहिले. गंजलेल्या भोकाच्या कडा तपकिरी असतात, बोट लावलं की पापडासारख्या चुरतात. हे भाऊंनीच मला फाटकाच्या वेळी शिकवलं होतं. या भोकाच्या कडा नव्या ताटासारख्या चकचकत होत्या. चाकामागे छिन्नी पडली होती.

मी वर बघितलं. भाऊ माझ्याकडे संशयाने बघत होते.

"गंज फार वाईट हो, भाऊ," मी म्हटलं.

"व्हय वयनी," ते खोल आवाजात म्हणाले. "आतनं येतो तो."

शनिवारी ते पुन्हा कुंपणाशी आले. यावेळी घामाघूम. "वैशूला सांगितला, पत्रा गेला, कापून नवा लावायला लागंल. ती म्हनते, विकू नका, आपन दोघं करू, मी सांगते तसा करा. पन उद्या तिला व्हिडीओवर भोक बघायचाय. जवळनं."

वैशाली त्यांचीच मुलगी. त्या चकचकीत कडा तिच्या नजरेतून सुटणाऱ्या नव्हत्या.

मी स्वयंपाकघरात गेले, वाटीभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं, जुनं फडकं घेतलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. भाऊ वाटीकडे बघत राहिले. एवढी वर्षं ज्याचा कणही गाडीजवळ येऊ दिला नव्हता, तेच मी उचलून आणलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी सवयीने वाटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"कमी हाय," ते म्हणाले. "आजून चमचाभर टाका, वयनी."