मागचे टायर आणि निखाऱ्यांचा चिमटा

एवारिस्तो झानोत्ती यांच्या मोटरसायकलचे मागचे टायर संपले आणि त्याबरोबरच त्यांच्या घरातील शांतताही संपली. कोर्दोबा प्रांतातील एका लहान गावात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. गिऱ्हाइकाला काच अर्ध्या केसाने जरी तिरकी बसली तरी ती काढून पुन्हा बसवायची आणि ती तिरकी का होती हे त्याला पटवल्याखेरीज त्याला जाऊ द्यायचे नाही, असा त्यांचा खाक्या होता.

महिन्यातून एका रविवारी ते आपली मोटरसायकल ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर नेत. शर्यतीसाठी नव्हे, नुसत्या फेऱ्या मारण्यासाठी. मात्र फेऱ्या संपल्या की सगळे चालक एकमेकांच्या मागच्या टायरपाशी उकिडवे बसत, अशी तिथली रीत होती. वळणावर मोटरसायकल जितकी आडवी होईल तितके टायर कडेपर्यंत झिजते. जो कचरतो, त्याच्या टायरच्या कडेला कोऱ्या रबराची पट्टी उरते. तिला तिथे सरळ ‘भीतीची पट्टी’ म्हणत. एवारिस्तोंची पट्टी बोटभर होती. त्यांचा मेहुणा लिसांद्रो याची तिच्या निम्मी.

“दाजी, सायकलचं टायर लावून फिरताय तुम्ही,” लिसांद्रो रविवारच्या जेवणात म्हणाला. “माझ्यासारखं एकशेनव्वद मिलिमीटरचं घ्या. टायर जितकं रुंद तितकं उत्तम!”

“तुझा काय नि माझा काय, रिम साडेपाच इंचांचाच आहे,” एवारिस्तो म्हणाले. “त्यावर एकशेऐंशीचंच टायर शोभतं. त्याहून रुंद बसवलंस की ते आवळलं जातं, मधोमध टोकदार होतं आणि त्याच्या कडा जमिनीला लागतच नाहीत.”

“माझ्या लागतात की!”

“त्या चुकीच्या कारणानं लागतात.”

सिद्धांत स्पष्ट व्हावा म्हणून त्यांनी ताटातील एम्पानादा, म्हणजे मांसाची खारी करंजी, उचलून दोन्ही बाजूंनी दाबली. सिद्धांत सिद्ध झाला. आतले सारण मात्र सासूबाईंच्या, म्हणजे दोन्या नेलिदांच्या, मांडीवर सांडले.

“जावईबापू,” त्या शांतपणे म्हणाल्या, “हे मला न खाताही पटलं असतं.”

“ठरलं तर मग,” लिसांद्रो म्हणाला. “पुढच्या खेपेला ट्रॅकवर आई पट्ट्या मोजेल. ज्याची पट्टी रुंद, त्यानं चिमटा सोडायचा.”

टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. निखाऱ्यांवर मांस भाजण्याचा तो लांब दांड्याचा चिमटा सासऱ्यांनी जाताना मुलाला न देता जावयाला दिला होता. जेवण झाल्यावर भाजणाऱ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हा तिकडचा शिष्टाचार. आणि चष्मे विकणाऱ्या माणसासाठी सबंध आठवड्यात दुसरे कोणी टाळ्या वाजवत नाही.

“मान्य,” एवारिस्तो म्हणाले.

त्यानंतर दोघांत रोज वाद झाला. एवारिस्तोंनी एकशेऐंशीची बाजू इतक्या बिनतोडपणे मांडली की अखेर लिसांद्रो वाद सोडून नुसता हसू लागला. ते हसणे एवारिस्तोंच्या मनात रुतून बसले. हरलेला माणूस हसेल कशाला? ज्याच्या टायरला पट्टी निम्मी आहे, त्याला युक्तिवाद हवाच कशाला? टायरवाला राम्पोनी याच्या दुकानाची पायरी चढताना त्यांच्या ओठांवर एकशेऐंशीच होते. परंतु तोंड उघडले तेव्हा त्यांनी स्वतःच्याच कानांनी ऐकले : “दोनशे.”

“दोनशे?” राम्पोनी म्हणाला. “अरे, इतके दिवस माते-चहा पीत माझ्यापुढं एकशेऐंशीचं प्रवचन झोडत होतास ना तू?”

“बसेल की नाही, तेवढं सांग.”

“बसायचं काय! दाबलं तर लिंबूसुद्धा बाटलीत बसतं. नंतर लिंबू राहतं का, ते मला विचारू नकोस.”

टायर बसले. चाक जागेवर लावल्यावर ते पुढच्या बाजूला घासू लागले, म्हणून चाक मागे सरकवावे लागले. चाक मागे सरकल्यामुळे चेन आखूड पडली, म्हणून लांब चेन घ्यावी लागली. रविवारी पहाटे मोटरसायकल ट्रेलरवर चढवू गेले, तर ट्रेलरच्या पन्हळीत ते रुंद चाक शिरेचना. शेवटी शेजारच्या कोंबडीवाल्याचा टेम्पो मागून आणावा लागला. टेम्पो मोठ्या मनाने मिळाला, पण तो धुतलेला नव्हता.

“एवारिस्तो, खरं सांग,” त्यांची पत्नी देलिया म्हणाली. “चाकावर घातलेल्या त्या ताडपत्रीखाली एकशेऐंशीच आहे ना?”

“तत्त्वतः मी आजही एकशेऐंशीचाच पुरस्कर्ता आहे.”

“म्हणजे नाही,” देलिया म्हणाली आणि भाजायच्या मांसासाठी मिठाचा डबा घेऊन टेम्पोत बसली.

ट्रॅकवर जुलैची, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याची, बोचरी थंडी होती. नव्या चेनच्या ग्रीसला चिकटलेली पिसे झटकत एवारिस्तो शेडमध्ये शिरले, तेव्हा लिसांद्रो आधीच येऊन उभा होता.

“दाजी, आज फेऱ्या मारणार की अंडी घालणार?”

लिसांद्रोच्याही मागच्या चाकावर कापड गुंडाळलेले होते, आणि एवारिस्तोंचे लक्ष तिकडेच खिळले होते. लपवतो आहे, म्हणजे यानेही दोनशेच लावले असणार! आपण वेळीच शहाणे झालो, असे त्यांना वाटले.

फेऱ्यांपूर्वी प्रत्येक जण टायरभोवती विजेची दुलई गुंडाळून ते गरम करी. एवारिस्तोंची दुलई एकशेऐंशीच्या मापाची होती; तिची टोके एकमेकांना भेटेनात. टायरचा हातभर भाग उघडाच राहिला आणि गार टायर वळणावर घसरते. त्यांनी आजूबाजूला पाहिले. घडीच्या खुर्चीवर दोन्या नेलिदा कमरेला विजेचा शेकपट्टा बांधून सुखाने डुलकी घेत होत्या.

“सासूबाई, हा शेकपट्टा जरा मिळेल का?”

“कुणाला?”

“टायरला.”

दोन्या नेलिदांनी डोळे उघडून जावयाकडे नीट पाहिले. “चोवीस वर्षं मी म्हणतेय कंबर दुखते. कधी विचारलंत? आणि त्याला गारठा लागला म्हणून जीव कळवळतोय!”

तरीही त्यांनी शेकपट्टा दिला. तो दुलईच्या फटीवर बांधून एवारिस्तोंनी त्याची वायर बोर्डाला जोडली. तो दोन्या नेलिदांच्या लग्नातला होता. एक निळसर ठिणगी उडाली आणि सबंध शेडमधील दिवे, दुलया, कॉफीचे यंत्र आणि निवेदकाचा कर्णा एकाच वेळी गतप्राण झाले. कर्ण्याविनाही निवेदकाचा आवाज ट्रॅकभर ऐकू आला, पण तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही.

सगळे गार टायरांनिशी ट्रॅकवर उतरले. एवारिस्तो आयुष्यात झुकले नव्हते इतके झुकले. एका लांब डाव्या वळणावर गुडघा जमिनीच्या इतका जवळ आला की त्यांना डांबरातील खडी वेगवेगळी दिसली. या फेरीनंतर पट्टी उरणे शक्यच नाही, याविषयी त्यांची खात्री झाली.

ते परतले तेव्हा शेडमागे निखारे फुलले होते, आणि त्यांनी सवयीने चिमटा हातात घेतला. सगळी मंडळी जमली आणि दोन्या नेलिदा खुर्चीसकट टायरपाशी आणल्या गेल्या. त्यांनी जावयाच्या टायरच्या कडेवर बोटे टेकवली.

“दोन बोटं. भरघोस.”

एवारिस्तो गुडघ्यांवर बसले. आवळलेले टायर मधोमध टोकदार झाले होते आणि कडा जमिनीपासून दूर, दुकानात होत्या तशाच कोऱ्या होत्या. ताटातल्या एम्पानादाने जे सांगितले होते, ते अक्षरशः खरे ठरले होते.

लिसांद्रोने परतताच चाकावर पुन्हा गुंडाळलेले कापड काढले. त्याचे टायर कडेपर्यंत सारखे झिजले होते. पट्टी अशी उरलीच नव्हती. एवारिस्तोंची नजर टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यावर गेली. एकशेऐंशी.

“तू?” ते कसेबसे म्हणाले.

“काय करणार, दाजी!” लिसांद्रो ओशाळून म्हणाला. “रोज इतकं पटवत होतात, शेवटी पटलंच की मला. लाजेनं बोललो नाही एवढंच. तुम्ही मात्र…” त्याने दोनशेकडे पाहिले आणि त्याचा स्वर मऊ झाला. “हे बघा, वीज गेली, टायर गार होते. आजचं धरायचंच नाही. चिमटा राहू दे तुमच्याकडेच.”

देलियाने नवऱ्याला कोपराने ढोसले. नुसते ‘बरं’ म्हणायचे होते. चिमटा हातात होता, निखारे तयार होते, सगळी मंडळी मान डोलावत होती.

“अजिबात नाही!” एवारिस्तो कडाडले. “टायर दोघांचेही सारखेच गार होते. तेव्हा गारठ्याचा निकालाशी काडीचाही संबंध नाही. फरक फक्त रुंदीचा होता. एकशेऐंशीच योग्य, हे आज माझ्याच टायरनं सिद्ध केलंय. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय, आणि हा निकाल कुणी रद्द करत असेल तर ते मी खपवून घेणार नाही!”

वाद ते निर्विवाद जिंकले होते. मग त्यांनी हातातील चिमट्याकडे पाहिले, एक दीर्घ निःश्वास टाकला आणि तो लिसांद्रोपुढे धरला.

लिसांद्रो चिमटा घेऊन निखाऱ्यांपुढे उभा राहिला. त्याने हे काम जन्मात केले नव्हते. मांसाचे तुकडे जाळीवर वाट पाहत होते, आणि मागे दोन डझन भुकेली माणसे.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “हे निखारे किती रुंद पसरायचे?”

एवारिस्तोंनी तोंड उघडले. अरुंद, जाड थर. विस्तव पातळ पसरला तर दहा मिनिटांत राख होते आणि मांस कच्चे राहते, हे सारे सकारण त्यांच्या जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले, सासूबाईंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि मांडीवर रुमाल पसरून आरामात बसले.

“त्यात काय विचारायचं?” ते म्हणाले. “जितके रुंद तितके उत्तम!”