बारवेतले आजोबा

तहसीलदारसाहेब दुपारी येणार होते आणि बारवेतलं कासव सकाळपासून सापडत नव्हतं.

रखमाजी शेवटच्या पायरीवर उकिडवा बसून पाण्यात भाकरीचे तुकडे टाकत होता. मासे येत होते, खाऊन जात होते. पण गाव ज्याला आजोबा म्हणायचं, ते सुपाएवढं कासव काही वर येईना. रखमाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. निजामी अंमल होता. चार माणसं परवानगीवाचून जमली तरी सरकारला त्यात बंडाचा वास येई. आणि रखमाजीची बारव राखण मंडळी तर रोज संध्याकाळी जमायची. गाळ काढायची, धुणं आणणाऱ्यांना परत पाठवायची, जाळं टाकणाऱ्यांशी भांडायची.

कुणीतरी चहाडी केली आणि साहेबांनी खुलासा मागवला. मंडळीचा म्होरक्या म्हणून रखमाजीनं अर्ज दिला, पण लिहिताना त्याला चेव आला. आम्ही फक्त मुके जीव राखतो, बारवेत शंभर वर्षांचं कासव आहे आणि ते हाकेला वर येतं, असं त्यानं ठोकून दिलं. साहेबांचा उलट निरोप आला, की डोळ्यांनी बघतो. खरं निघालं तर परवानगी. खोटं निघालं तर मंडळी बंद आणि बारवेतल्या माशांचा लिलाव. ज्या पाण्यातला गाळ मंडळीनं हातांनी उपसला, त्यात ठेकेदाराचं जाळं पडणार होतं.

त्यातून आजोबा हाकेला यायचे ते लालमियाँच्या. लालमियाँ मंडळीचा राखणदार, आणि नेमका तोच गावात नव्हता. साहेबाचा मुक्काम म्हटला की बरोबरचे चपराशी गावात शिरून कोंबड्या उचलत, म्हणून अख्खं गाव आदल्या दिवसापासून कोंबड्या लपवत होतं. लालमियाँ आपल्या कोंबड्या घेऊन साडूच्या वस्तीवर गेला होता. रखमाजीची बायको दुर्गाबाईसुद्धा पहाटेच भावाच्या मळ्यात कोंबड्या ठेवून आली होती. गावात आज एक कोंबडा आरवला नव्हता.

"मासे दावा की सायबाला," दुर्गाबाई म्हणाली.

"अर्जात कासव हाय. शंभर वर्साचं."

"शंभर लिवायला कुनी सांगितल्तं? पन्नास लिवले असते तर काय बिघडलं असतं?"

"आता पन्नासाचं तरी कुठून आनू?"

शेवटी रखमाजी कडूबाच्या मळ्याकडे पळाला. त्याच्या विहिरीत एक कासव होतं. ते उपरण्यात गुंडाळून आणलं, पाण्यात सोडलं, तेव्हा कुठं नीट पाहिलं. ते वाटीएवढं होतं. दुसरं शोधायला वेळ नव्हता. वेशीपाशी घोड्याच्या टापा वाजत होत्या.

साहेब थेट बारवेवर आले. कठड्यावर गाव गोळा झालं.

"बुलाव," साहेब म्हणाले.

रखमाजी शेवटच्या पायरीवर उतरला. "आजोबा, या हो," त्यानं हाक मारली. पाणी हललं नाही. त्यानं भाकरी टाकून पुन्हा हाक मारली. तेव्हा एक बुडबुडा आला, आणि मागोमाग कडूबाचं कासव तुकड्यासाठी वर आलं.

"ये सौ साल का है?"

"न्हाई हुजूर. ह्यो नातू हाय."

"और दादा?"

"आजोबा खाली निजलेत."

"तो उठाव. हम बैठते हैं."

साहेबांसाठी खाली पायऱ्यांवर खुर्ची आली. रखमाजी हाका मारत राहिला, साहेब रुमालानं मान पुसत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी चपराशाला पाणी आणायला पिटाळलं.

चपराशी जवळच्या घरात, म्हणजे रखमाजीच्याच घरात शिरला. त्याला सकाळपासून गावात कोंबडीचं पीससुद्धा दिसलं नव्हतं आणि त्याचं डोकं तापलं होतं. दुर्गाबाई आत लोटा भरते आहे तोवर त्यानं गोठ्यात डोकावलं. गुरांच्या दगडी डोणीवर फळी घातलेली होती आणि फळीवर पाटा ठेवलेला होता. कोंबड्या सापडल्या, असं वाटून त्यानं फळी सरकवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

त्याची किंकाळी बारवेपर्यंत ऐकू आली. मागोमाग तो स्वतःच धावत आला. उजव्या हाताचं बोट आजोबांच्या तोंडात, आणि डाव्या हातानं आजोबा छातीशी धरलेले. त्याच वेळी लालमियाँ वस्तीवरून परतत होता. तो घाईनं पायऱ्या उतरला आणि आजोबांच्या पाठीवर टिचकी मारत म्हणाला, "छोडो, आजोबा. बस हुआ." आजोबांनी बोट सोडलं.

साहेब उभे राहिले. "ये घर में कैसा गया?"

"मैंच रख्या हुजूर, फजर में, दुर्गाबाई मळ्यात गयी तब," लालमियाँ म्हणाला. "आप बारव पे आए की छोडनेवाला था. रखमाजीला बोल्लो न्हाई. त्याच्या पोटात बात ऱ्हात न्हाई."

"मगर रखा क्यों?"

लालमियाँनं चपराशाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "आप आनेवाले थे ना, हुजूर."

आता मंडळी गेली, मासे गेले आणि आपणही आत जाणार, असं रखमाजीला वाटलं.

"पानी लाने को बोला था," साहेब चपराशाला सावकाश म्हणाले. "हाथ कायकू डाला?"

चपराशी बोट चोखत राहिला. साहेबांनी एकवार कोंबडीचा आवाजही नसलेल्या गावाकडे पाहिलं आणि कारकुनाला हाक मारली. "परवाने में जानवरों के नाम लिखो. बोलो रखमाजी, तुम्हारी मंडली क्या क्या राखती है?"

"मासे, हुजूर," रखमाजी कसाबसा म्हणाला. "कासवं. बेडकं बी."

"आन् कोंबड्या," वर कठड्यावरून दुर्गाबाई म्हणाली.

रखमाजीनं डोळे मिटून घेतले. कारकुनाचा टाक थांबला. साहेबांनी पदर ओढून उभ्या असलेल्या दुर्गाबाईकडं पाहिलं, चपराशाच्या बोटाकडं पाहिलं, आणि मग पुन्हा कारकुनाकडं वळले.

"लिखो," ते म्हणाले. "मुर्गियाँ."

त्या संध्याकाळी साहेबांच्या तंबूत वांग्याचं भरीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी लालमियाँ आपल्या कोंबड्या त्या तंबूसमोरूनच हाकत घरी घेऊन आला, आणि चपराशी चिंधी बांधलेलं बोट सांभाळत त्यांना वाट देऊन बाजूला उभा राहिला.