हिशोबातली अळी

काष्टीजवळच्या सहादेवच्या लिंबाच्या बागेत शहाण्णव साली थर्मामीटर आला आणि सहादेव कामातून गेला.

कृषी सहायक प्रवीण साहेबांनी तो स्वतः फांदीला टांगून दिला होता. दिवसाची सगळ्यात जास्त उष्णता तो दाखवणार. ती रोज मांडून बेरीज करत जायची. बेरीज ठरल्या आकड्याला पोचली की नागअळी अंड्यातून निघणार, आणि नेमकं तेव्हाच फवारायचं. कोवळी पालवी वाचली तर बहर हाती, नाहीतर वर्ष पाण्यात. मुद्दा बिनतोड होता.

"जिवापाड जप ह्याला," सहादेवनं बायकोला, रतनबाईला बजावलं. "सरकारी वस्तू हाय."

मग रोज सकाळी तो काष्टीला दूध घालायला जायचा. तिथं चहाच्या टपरीवर उष्णतेचं शास्त्र सांगता सांगता त्याला दिवस पुरायचा नाही. बागेचा मालक बागेत सोडून सगळीकडं सापडायचा. संध्याकाळी परतला की पारा वाचायचा आणि साहेबांना आकडे कळवायचा. त्याच्या शब्दावर वस्तीतल्या सगळ्यांनी फवारणीचे पंप माळ्यावर टाकले.

ऊन रणरणायला लागलं. बेरीज मात्र म्हाताऱ्या बैलागत चालली होती. एके सकाळी शेजारचा गोरक्ष मूठभर कोवळी पानं घेऊन आला. त्यांच्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा होत्या.

"दादा, अळी आली की."

"न्हाई आली."

"आरं, ही बघ, पानात वळवळतीय."

"वळवळू दे. हिशोबात ती आजून अंड्यातच हाय."

"ऊन डोकं फोडतंय आन् तुझा पारा गार कसा?"

सहादेव तसाच साहेबांना बोलवायला गेला. भर दुपारी तो साहेबांना घेऊन बागेत आला, तर फांदी रिकामी. शोधत घरात गेले. थर्मामीटर पाण्याच्या माठावर, ओल्या फडक्यात गारेगार लटकत होता.

"काच हाय ती," रतनबाई म्हणाली. "उन्हात तडकल म्हून तुमी गेलात की रोज आत आनते, सांजच्याला परत लावते. तुमीच म्हनलात ना जपायला?"

सहादेवनं ओलं फडकं सोडून थर्मामीटर साहेबांच्या हातात दिला. पालवी डोळ्यांदेखत गेली होती, आणि तीही एकट्याची नाही.

"साहेब, वर खरं काय ते कळवा."

"काय कळवू, सहादेवराव? तुमच्याच आकड्यांवर वरच्या साहेबांनी तालुकाभर पत्रक काढलंय, एवढ्यात फवारू नका म्हणून." प्रवीण साहेबांनी कपाळ पुसलं आणि अगदी अजिजीनं ते रतनबाईकडं वळले. "वहिनी, एक करा. उद्यापासून हा चुलीमागच्या खुंटीला टांगा. बेरीज झटक्यात भरून निघंल. मग फवारायचं पत्रक मी आणतो."

"आन् तवर अळी?" रतनबाईनं विचारलं.

"तवर थांबायचं. पत्रकाच्या आधी फवारलं तर बरं दिसत नाही."

रतनबाईनं चुलीत दोन लाकडं सारली. सहादेवनं माळ्यावरून पंप काढून पाठीला लावला.

"तुमी पारा बघा, साहेब," तो म्हणाला. "मी जरा झाडं बघून येतो."