रंगादाची पाठ

आमच्या राजारामपुरीत रस्ता ओलांडायच्या दोन रीती आहेत. एक तुमची-आमची: देवाचं नाव घ्यायचं आणि घुसायचं. दुसरी रंगादाची. सहा फूट चार इंचांचा हा गडी फुटपाथच्या कडेला गुडघ्यात वाकतो, उजवी मूठ जमिनीला टेकवतो आणि समोरच्या रिक्षाकडं असा बघतो की रिक्षा जागीच बंद पडते. एकदा तर भरलेली सिटी बस रिव्हर्स घेत डेपोत परत गेली. मी स्वतः आत बसलो होतो, मला खोटं बोलून काय मिळणार? रस्ता मोकळा झाला की रंगादा वहिनींना म्हणतो, "चल गं. मागचा माणूस पडला न्हाय पायजे."

हा रंगादा तरुणपणी अमेरिकेत सात वर्षं त्यांचा तो पगारी फुटबॉल खेळून आलाय. मूळचा पैलवान. कुस्त्यांसाठी म्हणून तिकडं गेला आणि जेवणाच्या रांगेत उभा राहिला. चार गोऱ्यांनी ढकललं, हा हलला नाही. पाचवा निघाला कुठल्याशा क्लबाचा कोच. त्यानं ढकललं नाही, सही घेतली. काम एकच. बॉल फेकणारा डॅनी मागं उभा असायचा, त्याच्या पुढं रंगादानं असंच वाकून, मूठ टेकवून भिंत व्हायचं.

"आणि बॉल?" मी विचारलं.

"बॉलला कधी हात लावला न्हाय. आणि डॅनीला कुणाला लावू दिला न्हाय."

आता हे कोल्हापुरात सांगायचं! इथं पोरगं चालायच्या आधी किक मारतं. "हातात घिऊन पळायचं, त्याला फुटबॉल म्हणत्यात व्हय?" इथपासून "सात वर्षांत बॉल शिवला न्हाईस, मग गेलतास कशाला?" इथपर्यंत सगळं त्यानं ऐकलं. उत्तर ठरलेलं: "यिऊन ढकल की मला." अजून कुणी आलेलं नाही.

त्याचा हट्ट मात्र एकच. तालमीच्या भिंतीवर गाजलेल्या पैलवानांचे, खेळाडूंचे फोटो आहेत. त्यात आपलाही लागावा. बारा वर्षं तो वस्तादांच्या मागं होता. यंदा भिंत रंगवली आणि वस्ताद विरघळले. "आण तुझा फोटो."

फोटो आला. वस्तादांनी चष्मा पुसला. "ह्यात तू कुठला?"

"ह्यो काय, वाकलेला."

"ही तर पाठ हाय!"

"तोंड समोरच्या गड्याकडं असतंय, वस्ताद. फोटोवाल्याकडं बघाय सवड कुठली?"

बॉल उंच धरून ऐटीत उभा होता तो डॅनी. वस्ताद म्हणाले, "नवा पावणा ह्या गोऱ्यालाच आपल्या तालमीचा समजंल. ह्याला कापूया. तू तेवढा ऱ्हा."

कात्री आलीसुद्धा. रंगादानं फोटो उचलून शर्टात घातला. "डॅनी कापला तर मी कुणाम्होरं उभा हाय? न्हाय लागला फोटो तर न्हाय लागला. माझ्या मागनं माणूस काढायचा न्हाय!" आणि तो बाहेर पडला. दाराची चौकट त्या दिवसापासून अर्धा फूट जास्त रुंद आहे, जाऊन मोजा.

रविवारी सकाळी वस्तादांनी मला समजूत घालायला पाठवलं. बघतो तर रंगादाचा मोबाईल टेबलावर तांब्याला टेकवलेला, आणि पडद्यावर एक वाळलेला गोरा म्हातारा. घाबरलेला. इंग्रजीत पुन्हापुन्हा एकच विचारत होता, तू कोण?

वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "डॅनीभावजी. दर ऐतवारी फोन हाय. सगळं इसरल्यात. बायकू-पोरांस्नीबी वळखंनात."

रंगादा नाव सांगून सांगून थकला. शेवटी उठला आणि त्यानं मोबाईलकडं पाठ केली. गुडघे करकरले. तो वाकला, उजवी मूठ फरशीला टेकवली आणि समोरच्या कॅलेंडरकडं डोळे वटारून बघत राहिला.

मग त्या एवढ्याशा पडद्यातून हसण्याचा आवाज आला.

"रंगा!" म्हातारा ओरडला. "रंगा! रंगा!"

"हाय की," रंगादा मागं न बघता म्हणाला. "फेक निवांत."