ओटा सहा इंच खाली घेण्याबाबत

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा जमिनीपासून चौतीस इंच उंच होता. उभ्या माणसासाठी ही उंची योग्य आहे आणि इमारत बांधल्यापासून तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण गेल्या वर्षी माझी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत बसते. बसलेल्या आईच्या हनुवटीपाशी ओटा यायचा. शेगडीवरच्या भांड्यात काय चाललंय ते तिला दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं.

आईचं मागणं फार मोठं नव्हतं. या घरातला सकाळचा पहिला चहा एक्केचाळीस वर्षं तिने केला होता आणि पुढेही तिलाच करायचा होता. मी म्हटलं, आम्ही आहोत की, तुला हातात आणून देऊ. त्यावर ती म्हणाली, "हातात आणून द्यायला मी पाहुणी आहे का?" मग विषय तिथेच संपला.

गवंडी आला. त्याने टेप लावली, ओट्याखाली डोकं घालून पाहिलं आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे, उद्या येतो, असं सांगितलं. बायको म्हणाली, या मग. इथे मला दोघांनाही थांबवावं लागलं. मी पाणीखात्यात ना-हरकत दाखल्यांच्या टेबलावर बावीस वर्षं बसतो आहे. माझ्या सहीशिवाय या शहरातला एक नळ इकडचा तिकडे होत नाही. असा माणूस स्वतःच्या घरात विनापरवाना वीट हलवू लागला तर लोकांनी कोणाकडे बघून रांगेत उभं राहायचं? गवंड्याने टेप गुंडाळली, परवाना आला की बोलवा म्हणाला आणि जाताना का कोण जाणे, आईकडे बघून मान हलवली.

परवाना खात्यात खिडकीजवळ एक चष्मेवाले गृहस्थ बसतात. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. अडचण अशी होती की ओटा वर घेण्याचा छापील नमुना त्यांच्याकडे होता, खाली घेण्याचा नव्हता. आजवर कोणी खाली आलंच नव्हतं. पण त्यांनी मार्ग लगेच काढला. खाली घेणे म्हणजे आहे तो पाडणे आणि नवा बांधणे. तेव्हा एक अर्ज पाडकामाचा आणि एक बांधकामाचा. पाडकामाला अभियंत्याचा दाखला लागेल की इमारत आमच्या ओट्यावर उभी नाही.

"आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो," मी म्हणालो.

"वर किती मजले?"

"दोन."

"मग ते दोन कशावर उभे आहेत, हे नको का बघायला?"

खोटं कशाला बोलू, मला त्यांचं म्हणणं पटलं. बऱ्याच दिवसांनी आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. अभियंता सात आठवड्यांनी आला, ओट्यावर दोन टिचक्या मारल्या आणि "सकृद्दर्शनी इमारत सदर ओट्यावर उभी असल्याचे आढळून येत नाही" असं लिहून दिलं. दरम्यान बांधकामाच्या अर्जात एक नवाच प्रश्न निघाला. जुना ओटा पाडल्यावर आणि नवा बांधण्यापूर्वी आमचं घर दोन तास बिनओट्याचं राहणार होतं, आणि बिनओट्याच्या जागेची नोंद त्यांच्या दप्तरी गोदाम अशी होते. म्हणून त्या दोन तासांत आम्ही घरात कोणताही माल साठवणार नाही, असं हमीपत्र मागितलं होतं. बायकोने विचारलं, "मग डाळी-तांदळाचे डबे काय डोक्यावर घेऊन बसायचं?" मी विचार करून "जिन्यात ठेवू" असं लिहून दिलं. त्यावर जिन्याचा दाखला लागला. तोही मी मिळवला.

शेवटी एकच कागद उरला. ओटा खाली आला की त्यावरचा नळही सहा इंच खाली येणार, तेव्हा पाणीखात्याचं ना-हरकत हवं. चष्मेवाल्यांनी हे जरा दबकतच सांगितलं, कारण त्या खात्याचा लौकिक त्यांच्या कानावर होता. मला मात्र हसू आलं. घरी येऊन मी आईला सांगितलं की आता झालंच समज, पुढचं टेबल माझंच आहे. आईने त्याच दिवशी चहासाखरेचे डबे खालच्या फळीवर आणून ठेवायला लावले.

तिसऱ्या दिवशी माझी फाइल माझ्या टेबलावर आली. मी ती घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, स्वतःच्या फाइलवर स्वतः निर्णय घेणं शिष्टसंमत नाही, निर्णय मी घेतो, तुम्ही नेहमीप्रमाणे संबंधित लिपिकाचा शेरा घेऊन माझ्याकडे पाठवा. संबंधित लिपिक मीच होतो. मी टेबलावर परत आलो आणि फाइल उघडली.

आता इथे वाचणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं, कारण पुढे माझ्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. पान दोनवर अर्जदाराची सही चौकटीच्या बाहेर गेली होती. फार नाही, शेवटचा फराटा तेवढा. ती सही माझीच आहे हे अर्जदार म्हणून मला ठाऊक होतं. पण लिपिक म्हणून मला ते कुठून कळणार? कागदावर जे आहे ते आहे. बावीस वर्षांत मी चौकटीबाहेरच्या सह्या असलेले शेकडो अर्ज परत केले. त्यातले काही लोक माझ्यासमोर रडले होते. आज स्वतःच्या वेळी डोळेझाक केली असती तर त्यांच्याशी बेइमानी झाली असती. मी पत्र लिहिलं: "आपल्या अर्जातील त्रुटीबाबत पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा आपणास काही म्हणावयाचे नाही असे समजून अर्ज निकाली काढण्यात येईल."

पत्र टपालाने चौथ्या दिवशी घरी पोहोचलं. बायकोने सही करून घेतलं आणि जेवताना माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवलं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"कार्यालयाने लिहिलंय."

"कार्यालय इथे माझ्यासमोर बसून जेवतंय," ती म्हणाली. "त्याला सांगा, सासूबाईंना चहा करायचाय."

मी तिला समजावलं की कार्यालयीन बाबी जेवणाच्या टेबलावर निघाल्या तर उद्या कोणीही घरी येऊन उभं राहील. त्याच संध्याकाळी मी खुलासा लिहिला, तीन प्रती काढल्या, आणि सकाळी रांगेत उभा राहून आवक खिडकीवर दिल्या. खुलासा माझ्या टेबलावर यायला नऊ दिवस लागले, कारण मधे दोन दिवस मी रजेवर होतो. रजा मी या फाइलचं काय झालं ते विचारायला परवाना खात्यात जाण्यासाठीच काढली होती. परत आल्यावर खुलासा वाचला. मुद्दा बरोबर होता, पण भाषा मला उद्धट वाटली. "त्वरित" हा शब्द दोनदा आला होता. अर्जदाराने कार्यालयाला घाई करू नये, असा शेरा मारून मी फाइल ढिगात ठेवली.

महिना गेला तरी उत्तर नाही म्हणून अर्जदार या नात्याने मी स्मरणपत्र पाठवलं. इथे माझी चूक झाली, हे मी मान्य करतो. आमच्या टेबलावरची जुनी रीत आहे: ज्याचं स्मरणपत्र येतं, त्याची फाइल ढिगाच्या तळाला जाते. ही रीत कोणी घातली ते विचारू नका, मीच घातली आहे. स्मरणपत्र हातात आल्यावर माझ्या हातांनी सवयीप्रमाणे ढीग उचलला आणि फाइल खाली सरकवली. ती कोणाची होती हे लक्षात आलं, तेव्हा वर शहाऐंशी फायली होत्या. त्या ओलांडून आपली वर काढणं म्हणजे सरळसरळ वशिलेबाजी. मी दुसरं स्मरणपत्र पाठवण्याचं टाळलं, तेवढंच माझ्या हातात होतं.

याच सुमारास आई भाजली. सकाळी आम्ही उठण्याआधी तिने खुर्ची ओट्याला लावून हात उंच करून भांडं उतरवायचा प्रयत्न केला आणि उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. मी धावत गेलो तेव्हा ती ओरडत नव्हती. भांडं मांडीवर धरून बसली होती आणि मला म्हणाली, "दिसलं नाही रे." डॉक्टरांनी पट्टी बांधली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी कार्यालयात माझ्याने खाली बघवेना, कारण खाली ढीग होता. दुपारी मी मनाचा हिय्या करून फाइल बाहेर ओढली आणि तळाच्या वर, दुसऱ्या नंबरला ठेवली. नियमाच्या कक्षेत राहून मुलाला करता येण्यासारखं एवढंच होतं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस घरी परतलो तर जिन्यात डाळी-तांदळाचे डबे मांडलेले दिसले. आत गवंडी हात धूत होता. ओटा अठ्ठावीस इंचांवर आला होता. आईने बोलावलं होतं, बायकोने दार उघडलं होतं, आणि काम खरोखर अर्ध्या दिवसात आटोपलं होतं. आईचा एक हात अजून पट्टीत होता. दुसऱ्या हाताने तिने चहा गाळला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"ओटा सहा इंच खाली आला," ती म्हणाली. "कोणाचं काय गेलं?"

मी चहा प्यालो. चहा उत्तम होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेही इथे नमूद करतो. पण कप खाली ठेवता ठेवता माझ्या ध्यानात आलं की, ओट्याची विद्यमान उंची चौतीस इंच आहे असं प्रतिज्ञापूर्वक सांगणारा माझ्या सहीचा कागद माझ्याच टेबलावर पडून आहे. म्हणजे मी खोटा ठरलो होतो, आणि ते संबंधित लिपिकाला कळलंही होतं. मी त्याच नव्या ओट्यावर कागद ठेवून परवाना खात्याला सत्य परिस्थिती कळवली. ओटा लिहिण्यासाठीही सोयीचा झाला आहे. बायको त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

चष्मेवाल्यांनी माझं पत्र वाचून चष्मा काढूनच ठेवला. तीस वर्षांत असं पत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी माणुसकी दाखवली. केलेलं काम नियमित करून घेण्याची एक तरतूद आहे: इमारतीच्या फलकावर नोटीस लावायची आणि तीस दिवस हरकती मागवायच्या. कोणी काही लिहिलं नाही तर ओटा कायम. एक जरी हरकत ग्राह्य ठरली, तर ओटा पूर्वस्थितीत, म्हणजे चौतीस इंचांवर न्यावा लागेल. त्याचा छापील नमुना, सुदैवाने, त्यांच्याकडे आहे.

मी निर्धास्त होतो. आमच्या इमारतीतले लोक चांगले आहेत. आई पडली तेव्हा प्रत्येक घरातून कोणी ना कोणी बघायला आलं होतं. नोटीस लावली आणि पहिल्या नऊ दिवसांत चौदा हरकती आल्या. ओटा खाली आल्याने कोणाला काय त्रास झाला, याबद्दल एकीतही अक्षर नव्हतं. कोणी लिहिलं होतं, आज ओटा खाली आला, उद्या काय काय खाली येईल. पाच जणांनी विचारलं होतं की नियम सगळ्यांना सारखे आहेत की नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी लिहिलं होतं की त्यांचा नळ सरकवण्याचा अर्ज दोन वर्षं पाणीखात्यात पडून आहे, मग माझ्या आईला वेगळा न्याय का. मी कार्यालयात जाऊन पाहिलं. मास्तरांचं म्हणणं खरं आहे. त्यांची फाइल अगदी तळाला, माझ्या फाइलच्या खाली आहे. स्मरणपत्रं पाच आहेत.

हरकती आल्यास अर्जदाराने सविस्तर खुलासा जाहीर करावा आणि त्यावर पुन्हा तीस दिवस हरकती मागवाव्यात, असा नियम आहे. तुम्ही आता वाचलात तो हा खुलासा. तुम्ही मधे मधे हसलात, मला नावं ठेवलीत, आईची बाजू घेतलीत. ठीक आहे. पण मी बावीस वर्षं टेबलापलीकडून तुमचे चेहरे बघतो आहे. आपला अर्ज कुठेतरी पडून असताना या बाईचं काम आधी कसं झालं, हे तुमच्या मनात येऊन गेलं असणार.

खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. पेन फलकाच्या खिळ्याला दोरीने बांधून ठेवलं आहे. मी रोज सकाळी उठून आधी खाली जातो, फलक बघतो आणि वर येतो. आई खुर्ची ओट्याला लावून माझी वाट बघत असते. आज कोणी काही लिहिलं का, एवढंच ती विचारते. मी नाही म्हटलं की मग शेगडी पेटवते.